हजार वारांवरचा माणूस

गोष्ट सुरू करण्याआधी हवालदार डावा डोळा मिटायचे. मग उजवा अंगठा समोर धरायचे आणि म्हणायचे, "एक गोळी. दुसरी घालावीच लागली न्हाई."

असली माणसं तुम्हीही पाहिली असतीलच. दुसऱ्या महायुद्धाच्या लढाईहून परतलेली, मिशीला पीळ आणि तोंडात सदा इटली. आमचे हवालदार पुनावळ्याचे. पन्नास सालानंतर पिंपरीच्या माळावर कारखाने उभे राहू लागले, त्यांतल्या एकाच्या फाटकावर ते काठी घेऊन पहारा करत. मी तिथला मोजणीदार. जमिनीवर साखळी टाकून अंतर मोजायचं, यावर माझं पोट. त्यामुळे कुणी अंतराची थाप मारली की माझं डोकं फिरायचं.

आणि हवालदारांची थाप वाढतच होती, राव! मी कामाला लागलो त्या वर्षी, त्यांनी एका गोळीत पाडलेला इटलीतला तो जर्मन तीनशे वारांवर होता. पुढच्या वर्षी सहाशे. तिसऱ्या वर्षी हजार. तेही साध्या बंदुकीनं, दुर्बीण न लावता! फाटकावर सगळे माना डोलवायचे. मी एकटा जळफळायचो.

हे हसण्यावारी गेलंही असतं. पण त्या उन्हाळ्यात आवारातून तांब्याची तार चोरीला जाऊ लागली. कारखान्याच्या साहेबांनी बंदूक मागवली. "चोर दिसला की गोळी घालायची," असा हुकूम. चोर आजूबाजूच्या गावांतलेच असणार, हे सगळ्यांना ठाऊक होतं. हवालदारांना तर त्यांची नावंही ठाऊक असतील.

साहेबांनी मला बोलावलं. "हा म्हातारा सांगतो ते खरं आहे का? असेल तर बंदूक त्याच्याच हातात देतो."

मला आयतंच निमित्त मिळालं. दुसऱ्या दिवशी सकाळी कासारवाडीच्या बाजूला, रुळांच्या कडेनं मी हजार वार मोजले. साखळी ओढणारा माझा गडी पलीकडच्या टोकाला उभा केला आणि हवालदारांना अलीकडच्या.

"हं, हवालदार. त्याच्या पागोट्याचा रंग सांगा."

त्यांनी डोळे बारीक केले. माणूस कसला, नुसती काडी दिसत होती.

"न्हाई दिसत," ते म्हणाले.

"मग मारलंत कुणाला?" मी जवळजवळ ओरडलोच.

हवालदार तसेच गड्याच्या दिशेनं चालू लागले. मी मागोमाग. अर्धं अंतर गेलं, पाऊण गेलं. गड्याच्या कपाळावरचा घाम दिसू लागला, तेव्हा कुठे ते थांबले. चाळीस पावलंसुद्धा उरली नसतील.

"हितनं," ते म्हणाले. "दाढी करत व्हता. तोंडाला साबण. बंदूक लांब झाडाला टेकवलेली. मला बघून हसला. त्याला वाटलं आसंल, ह्यो काय मारत न्हाई."

तिकडे आमचा गडी आमच्याकडे बघून हसत होता. मी त्याला ओरडून बाजूला व्हायला सांगितलं.

"दर साली त्याला लांब नेतो," हवालदार म्हणाले. "तरी तोंड दिसतंयच." मग त्यांनी माझा हात घट्ट धरला. "साहेबास्नी सांगा, समदं खोटं हाय."

मला फार वाईट वाटलं. माझ्या हट्टापायी म्हाताऱ्याची अब्रू जाणार, कदाचित नोकरीही. मी साहेबांकडे गेलो आणि म्हणालो, "खरं आहे. नेम पक्का आहे."

बंदूक मिळाल्याच्या तिसऱ्या दिवशी सकाळी ती फाटकाला टेकून उभी होती. शेजारी खाकी कपड्यांची घडी, तिच्यावर बंदुकीबरोबर दिलेली पाचही काडतुसं. हवालदार नव्हते.

मी पुनावळ्याला त्यांच्या घरी गेलो. तिथेही ते पोचले नव्हते. बायको ओसरीवर ज्वारी निवडत बसली होती. कारखान्यातून आलो, एवढंच मी तिला सांगितलं.

"बंदूक देनार म्हनल्यापासनं त्यांच्या डोळ्याला डोळा लागत न्हवता," ती म्हणाली. "मोजणी झाली त्या दिशी मातर पोटभर जेवले. म्हनले, मोजणीवाल्यानं मला खोटं पाडलं, सुटलो आता." तिचा सुपातला हात थांबला. "मग दादा, परवा त्यांच्या हातात बंदूक दिली कुनी?"

मी साहेबांचं नाव सांगितलं.