अर्वो निस्कलाचा वाकडा ठिपका

अर्वो निस्कलाला बॅटरीवर चालणाऱ्या वस्तूंचा मनस्वी राग. बॅटरी ज्या दिवशी लागते नेमकी त्याच दिवशी मरते, असं त्याचं म्हणणं. लेकीनं ऐकू यायला कानात घालायचं यंत्र आणून दिलं, ते मासेमारीच्या डब्यात गळांच्या सोबतीला पडून होतं. उभी हयात त्यानं जिल्ह्याचा रस्त्यावरचा बर्फ सारायचा नांगर हाकला. सरोवरावरून बर्फ चालून आला की आख्खं गाव घरात आणि हा गडी रस्त्यावर. निवृत्त झाल्यावर त्याला जगात दोनच गोष्टी उरल्या. शनिवारची सौना, म्हणजे वाफेची अंघोळ, आणि गुरुवारची पिस्तुलाची लीग.

लीग जुन्या आगबंबाच्या इमारतीखाली, तळघरात. एक हात सरळ पुढं करायचा, दुसरा खिशात घालायचा आणि समोरच्या कागदाला भोकं पाडायची. चौघांचा संघ. आमच्या संघात गॉर्डी पेल्टो कप्तान, मग त्याची बहीण, मग मी, आणि चौथा अर्वो. पाचवा राखीव. जानेवारी संपता संपता सगळ्यांची सरासरी काढायची, आणि राखीव माणूस चौथ्याच्या वर गेला तर दोघांनी जागा बदलायची, ही आमची जुनी रीत. त्यात कुणाला राग येत नाही. म्हणजे येतो, पण कुणी बोलत नाही.

यंदाची राखीव होती लेम्पी. अर्वोची बायको.

लेम्पी क्लबाच्या फुकट पिस्तुलावर खेळायची. त्याचा घोडा कधी लागायचा, कधी नाही. अर्वोकडं मात्र त्याच्या बापाचं पॉइंट बावीसचं पिस्तूल होतं. बापानं खाणीच्या पगारातनं घेतलेलं, मूठ घामानं काळी कुळकुळीत झालेली. त्यावर बॅटरीवरची लाल ठिपक्याची दुर्बीण बसव, आपण दोघं वापरू, असं लेम्पी कित्येक हिवाळे म्हणत होती. तिला नेम धरायची पुढची माशी आणि मागची खाच एका वेळी दिसेना. अर्वोचं उत्तर ठरलेलं.

"बाच्या पिस्तुलाला भोक पाडायचं म्हंजे बाच्या थडग्याला खिडकी पाडायची."

पण यंदा त्याचाच नेम ढळायला लागला. आधी म्हणाला तळघरातला दिवा मंद हाय. गॉर्डीनं दिवा बदलला. मग म्हणाला दिवा लई पांढरा हाय. मग कागद वाईट. लेम्पी त्याच्या खालोखाल, एकेक गुरुवार वर सरकत होती. तेव्हा एक दिवस अर्वो कुणाला न सांगता बंदुका दुरुस्त करणाऱ्या ट्रेव्हॅरोकडं गेला. गाडी त्याच्या दारात उभी केली, त्यामुळं जेवणाच्या आत गावाला कळलं.

ट्रेव्हॅरोनं पिस्तूल रिकामं आहे ना ते दोनदा बघितलं. "ह्येच्या पाठीवर दोन भोकं पाडाय लागतील. त्यात आटे पाडायचे, वर पट्टी, पट्टीवर ह्ये लाल ठिपक्याचं काचेचं नळकांडं. भोक एकदा पडलं की बुजत न्हाई, अर्वो."

"भोक म्हंजे काय त्ये ठावं हाय मला."

"बायकूला इचारलंस?"

"पिस्तूल माझ्या बाचं. बायकू तिच्या बाची."

ट्रेव्हॅरोनं भोकं पाडली.

गुरुवारी अर्वोनं पेटी उघडली. लेम्पी पास्टी, ती खिमा भरलेली मोठी करंजी, खात होती. घास तसाच हातात धरून तिनं पिस्तुलाकडं बघितलं.

"भोकं पाडलीस?"

"दोनच."

"बरं," म्हणाली आणि घास तोंडात टाकला. लग्न झालेल्या माणसाला हे 'बरं' ऐकू येतं, कानात यंत्र नसलं तरी.

अर्वोनं हात पुढं केला, नळकांड्यातनं बघितलं आणि हात खाली घेतला. "ह्यो ठिपका न्हाई. चिरडलेला डास हाय."

गॉर्डीनं बघितलं. गोल. त्याच्या बहिणीनं बघितलं. गोल. मी बघितलं, कुंकवाइतका गोल. अर्वो म्हणाला, तुमी बघताय तवा गोल हुतोय आन् मी बघतुया तवा चिरडतोय. डासाच्या डोक्यानं नेम धरायचा का शेपटीनं, ते त्याला ठरेना. त्या दिवशी त्याचे गुण आणखी घसरले.

तो परत ट्रेव्हॅरोकडं. ट्रेव्हॅरोनं दुसरं नळकांडं लावलं. दुसऱ्यातही डास.

"आरं, पट्टीवरनं काढून हातात फिरव की," ट्रेव्हॅरो म्हणाला. "फिरवून बघ, म्हंजे कळंल खोट कुठं हाय."

अर्वोनं नळकांडं घट्ट धरलं आणि डोकं फिरवलं. "डोकं वाकडं केलं की डास बी वाकडा हुतोय. माझं डोकं कळतंय ह्येला."

"मग खोट कुठं हाय?"

अर्वोनं चांगला विचार केला. "तुझ्या नळकांड्यात."

ट्रेव्हॅरोनं ते त्याच्या हातातनं काढून घेतलं, त्याच्या डोळ्यापुढं धरलं आणि गरागरा फिरवलं. नळकांडं फिरलं. डास जागचा हलला नाही.

अर्वोनं हातातली कॉफी संपवली, टोपी घातली आणि तिथनंच गाडी काढून डोळ्याच्या डॉक्टरकडं गेला. डॉक्टर म्हणाला, डोळ्याची कमान वाकडी झालीय, चष्म्यानं ठिपका गोल होईल. चष्मा बनून यायला फेब्रुवारी उजाडणार होता. सरासरीचा शेवटचा गुरुवार त्याआधीच येत होता.

त्या गुरुवारी अर्वो आधी खेळला. डास काळ्या गोलावर जमेल तसा बसवला आणि गोळ्या झाडल्या. गुण पडले ते पडले. हिशोब सगळ्यांना तोंडपाठ होता. लेम्पीनं नेहमीसारखं खेळायचं की जागा तिची. ती उभी राहिली, क्लबाचं पिस्तूल उचललं, घोडा ओढला, आणि आतली स्प्रिंग तुटली. टक्क करून आवाज झाला आणि घोडा लोंबायला लागला.

गॉर्डीनं बघितलं, खोललं, ठेवून दिलं. "ह्ये आज व्हत न्हाई. आपापली पिस्तुलं आपल्या हाताला बसवल्याली, ती कुणी देत न्हाई. पिस्तूल न्हाई तर गुण न्हाईत. अर्वो ऱ्हायला चौथा."

लेम्पी म्हणाली, "बरं."

तळघरात सगळे कुठं ना कुठं बघायला लागले. मी छताकडं बघितलं. अर्वो उठून कॉफीच्या भांड्याकडं गेला. भांडं रिकामं होतं, तरी त्यानं कप भरल्यासारखं केलं आणि कप तिथंच ठेवून परत आला. मग पेटी उघडली, पिस्तूल रिकामं आहे का बघितलं आणि बायकोपुढच्या मेजावर ठेवलं.

"मूठ घामट हाय. पुसून घी."

"तुला कळतंय ना काय करतुयास?" गॉर्डी म्हणाला.

"डोळा वाकडा हाय माझा. डोकं न्हाई."

लेम्पीनं मूठ पुसली. हात पुढं केला आणि नळकांड्यातनं बघितलं.

"काय दिसतंय?" अर्वोनं विचारलं.

"ठिपका."

"कसला?"

"गोल, अर्वो. आता गप ऱ्हा."

लेम्पी इतकी चांगली कधीच खेळली नव्हती. भोकं अशी एकाला एक लागून पडली की शेवटी तिथं एकच मोठं फाटलेलं भोक दिसत होतं. गॉर्डीनं फळ्यावरचं अर्वोचं नाव पुसलं आणि त्या जागी लेम्पीचं लिहिलं. अर्वोचं खाली, राखीव.

फेब्रुवारीत चष्मा आला. ठिपका गोल झाला, अर्वोचा नेमही सुधारला. पण पिस्तूल आधी लेम्पीच्या हाती जातं, तिचं झाल्यावर त्याच्या. आणि राखीव माणसानं संघाचे कागद तपासायचे, हीही आमची रीतच. आमच्यात भोक गोलाच्या रेघेला नुसतं शिवलं तरी वरचा गुण मिळतो, नऊचे दहा होतात. अर्वो लेम्पीचा कागद उजेडाकडं धरतो, जवळ नेतो, लांब नेतो.

"न्हाई शिवलं," म्हणतो. "नऊ."

"चष्मा घाल," लेम्पी म्हणते.

चष्मा डोळ्यावरच असतो.