दाढेचा साचा

माझ्या दाढेला चीर गेली त्याला मीच जबाबदार आहे, असं डॉक्टर म्हणाला. त्यावर मी त्याला काय म्हणाले ते छापण्यासारखं नाही, पण तो खरं बोलत होता.

दुखणं सुरू झालं वालांवरून. वाल सुकले का हे आम्ही दाताखाली धरून बघतो. कट् वाजला तर सुकले, नुसता दबला तर अजून ऊन पाहिजे. त्या वर्षी कट् वाजला आणि वाल अख्खाच निघाला. चावताना काही नाही, पण दाढ उचलली की कळ थेट कानात.

तेव्हा माझ्या तोंडात दात बरेच होते, पण एकमेकींना भेटणाऱ्या दाढा दोनच. उजवीकडची वरची आणि तिच्या खालची. बाकीच्यांचे जोडीदार कधीच गेले होते. भाकरी, सुकट, सुपारी, सगळा कारभार या दोघींवर. त्यातली खालची दुखत होती. ती गेली की उरलेलं आयुष्य गुरगुट्या भातावर. तो मी सासूला वर्षानुवर्षं भरवला आहे. (भरवताना तोंडाने काय बोलत होते तेही आठवतं.) माझी सून सुनंदा मला तो भरवणार, हे चित्र डोळ्यांपुढे आलं की जेवण जाईना.

त्यातच रोह्याला लेकीकडे बारशाला गेले. पेणहून गाडीत बसले, जबडा धरूनच उतरले. रात्री विहीणबाईंच्या शेजारी झोपले. सकाळी चहा देताना त्या म्हणाल्या, "रात्री वाटलं पोत्यात उंदीर शिरला. काठी आपटली, तरी थांबं ना. मंग दिवा लावला, तर तुमी."

"मी काय?"

"दात खात व्हतात. जात्यासारख्या."

मी म्हटलं, "तुमचाच उंदीर असेल. तुमच्या घरात हायेतच."

बारशाच्या घरात एवढं बोलून मी पेणला परत आले. सुनंदाला विचारलं, "मी झोपेत दात खाते का गो?"

ती म्हणाली, "लग्न होऊन आले तेव्हापासून ऐकतेय."

"मग सांगितलं का नाहीस?"

"मला वाटलं, माझ्यावर खाताय."

शेवटी डॉक्टरकडे गेले. पोरगेलासा होता. त्याने दाढेचा फोटो काढला, उजेडात धरून बघितला. "आजी, फोटोत काही दिसत नाही. पण चीर असावी."

"असावी म्हणजे? हाय का नाय?"

"बहुतेक आहे."

"बहुतेकसाठी मी रिक्षा करून आले?"

त्याने समजावलं. वरची दाढ रात्रभर खालचीला घासते, त्याने चीर वाढते. मुळापर्यंत गेली की दाढ काढावी लागेल. वाचवायची असेल तर वरच्या दातांवर रात्री घालायला प्लास्टिकचं टोपण करायचं. त्यासाठी दातांचं माप घेऊन मुंबईला पाठवायचं, ते पुढच्या महिन्यात येईल.

"माप कशात घेता?"

"साचा काढतो."

आता माझा मुलगा दिनेश गणपतीच्या कारखान्यात साच्यांवरच काम करायचा. अख्खं पेण साचे काढतं, आणि मी साच्यासाठी परक्यापुढे तोंड वासून बसू? म्हटलं, "साचा मी घरून आणते. तुम्ही फक्त मुंबईला पाठवा." डॉक्टर हसला. त्याला वाटलं थट्टा करते.

दिनेश तयार नव्हता. "आये, डॉक्टरचा मसाला वेगला असतो. आमचं प्लास्टर सुकताना तापतं."

"गणपती काय वरडतो का तापलं म्हणून?"

"बरं, पण आत साबण लावावा लागंल. नायतर साचा सुटत नाय."

"माझ्या तोंडाला साबण? तुझ्या बापाची हिंमत झाली नाय ती."

त्याने मुकाट्याने तेलाच्या डब्याचा पत्रा कापला, घोड्याच्या नालासारखा वाकवला, त्यात प्लास्टर भरलं आणि माझ्या वरच्या दातांवर दाबलं. "हलू नको."

हलले नाही. प्लास्टर तापलं, घट्ट झालं. दिनेशने ओढलं. माझं डोकं आलं, साचा आला नाही. परत ओढलं. मी पाटावरून उठले, साचा तिथेच. माझ्या तोंडून निघत होतं ते नुसतं "अंऽऽ". दिनेश घाबरून रिक्षा आणायला पळाला.

सुनंदा माझ्यासमोर येऊन बसली. मग शांतपणे म्हणाली, "आई, मी चार दिस माहेरी जाऊ का? नको असंल तर बोला."

मी डोळे वटारले.

"बरं, मंग उद्याच जाते," ती म्हणाली, आणि पिशवी भरायला उठली.

रिक्षात तोंडावर पदर धरून बसले. बाजारात शेजारची पार्वती आडवी आली. "कुठं चाललीस गो?" मी गप्प. "काय मेली मिजास," ती म्हणाली, आणि गणपती येईपर्यंत आमच्या उंबऱ्याला पाय लावला नाही.

डॉक्टरने माझं तोंड बघितलं आणि आधी स्टुलावर बसला. मग मशीन लावलं. प्लास्टरचे तुकडे पडेनात, नुसते लोंबकळायला लागले. त्याने चिमट्यात एक दोरा धरून वर केला. "हे काय आहे?"

"काथ्या," दिनेश म्हणाला. "सवयीनं घातला साहेब. त्यानं मूर्ती फुटत नाय."

"यांना कुठे विसर्जनाला न्यायचं होतं?"

डॉक्टरने पक्कड घेतली, कंपाउंडरने माझं डोकं धरलं, आणि एकदाचा साचा निघाला. त्यात माझी वरची दाढ होती. धडधाकट, मुळांसकट.

दिनेशने साचा उलटा करून बघितला आणि हळूच म्हणाला, "माप पन साफ आलंय."

मी रक्त थुंकून विचारलं, "आणि खालची?"

डॉक्टरने खालची दाढ ठोकून बघितली. "आता हिच्यावर आपटायलाच काही नाही. दुखणार नाही, चीर वाढणार नाही. टोपणाचीही गरज नाही."

डॉक्टर पोराने पैसे घेतले नाहीत. मला तेही आवडलं नाही.

माहेरून परत आल्यावर सुनंदाने पहिल्या दिवशी गुरगुट्या भात वाढला. वर तूप घातलं, तोंडाने एक शब्द काढला नाही. काही बोलली असती तर बरं झालं असतं. मी तो खाल्ला, आणि तेव्हापासून तोच खाते आहे. झोपेत आवाज येत नाही म्हणतात. विहीणबाई आता आपणहून माझ्या शेजारी अंथरूण घालतात.

चिरलेली दाढ मात्र अजून जागेवर आहे. तिला काही चावायचं नाही, काही सोसायचं नाही. मी मेल्यावर राखेत तेवढी एक शाबूत सापडेल. दिनेशला सांगून ठेवलंय, सापडली तर मुकाट्याने खाडीत सोड, तिचा साचा काढत बसू नको.