पुजलेलं मशीन

काम संपलं की तुळशी मशीनचं बटन बंद करायची आणि हाताची उलटी बाजू त्याच्या पत्र्यावर ठेवायची, लेकराच्या कपाळावर ठेवावी तशी. पत्रा निवला की मगच चपला घालायची.

"काय गं, उतरला का तुझ्या लेकाचा ताप?" तिच्यासोबत काम करणारी बनूबाई दारातून ओरडायची.

उल्हासनगरच्या चार नंबर कॅम्पात लधाराम शेठचं कपड्यांचं गोदाम होतं. शर्ट प्लास्टिकच्या पिशवीत घालायचे आणि पिशवीचं तोंड मशीनच्या गरम पट्टीनं चिकटवायचं, हे दोघींचं काम. तुळशी बारवी धरणाकडच्या पाड्यावरची, लग्न होऊन मोरिवलीत आलेली. निजण्यापूर्वी चुलीच्या राखेवर हात धरून बघायची तिची सवय पाड्यावरचीच.

सत्त्याऐंशी साली नवं मशीन आलं. काही दिवसांतच बटन बंद केल्यावरही पत्रा तापत राहू लागला. तुळशीनं शेठला सांगितलं. शेठनं कंपनीचा माणूस बोलावला. त्यानं वरवर पाहिलं आणि हसला. "मावशी, गरम व्हायलाच बनवलंय ते."

"सुना ना? आता काम कर," शेठ म्हणाला.

खंडेनवमीला काम बंद होतं. सकाळी तुळशीनं मशीन पुसलं, हळदकुंकू वाहिलं, झेंडूची माळ घातली. शेठनं नारळ फोडला, शकुनाला एकदा बटन दाबलं आणि बंद केलं. दाराला कुलूप लागलं. दिवस मावळताना गोदामाच्या पत्र्यातून धूर निघाला. शर्टांचे गठ्ठे छतापर्यंत रचलेले होते. काहीच उरलं नाही.

शेठनं मशीनच्या कंपनीवर दावा लावला. आग उदबत्तीनं लागली, मशीनचा दोष नाही, असं कंपनीचं म्हणणं. उदबत्ती लावणारी तुळशी. मोरिवलीच्या नळावर बायका तिला बघून गप्प होऊ लागल्या.

साक्षीच्या आधी शेठचे वकील हेमचंद्र कर्णिक तिला हळूच म्हणाले, "उदबत्ती लावलीच नव्हती असं सांगा. तुम्हीही सुटाल, शेठलाही भरपाई मिळेल."

कल्याणच्या कोर्टात कंपनीच्या वकिलानं विचारलं, "त्या दिवशी उदबत्ती कोणी लावली?"

"मीच."

कर्णिकांनी मान खाली घातली.

"कुठे?"

"दाराशी, तांदळाच्या वाटीत. मशीन मागल्या भिंतीला. उदबत्ती जळून गेली, राख पुसली, मंग कुलूप लावलं."

"रोज हात लावून बघायचात म्हणे. त्या दिवशी?"

तुळशीनं आपल्या हाताच्या उलट्या बाजूकडे पाहिलं.

"नाय लावला. पुजलेलं हुतं. पुजल्यावर त्या दिवशी हात लावत नाय आमी."

"म्हणजे मशीन गरम होतं की गार, तुम्हाला ठाऊक नाही."

"त्या दिवसाचं नाय ठाव. त्याच्या आधी बंद असून तापायचं, ते ठाव हाय. शेठला बोलले. तुमच्या मानसालाबी बोलले. तो हसला."

निकालात कोर्टानं तिचं बोलणं खरं धरलं. स्वतःच्या विरुद्ध जाईल तेही जिनं लपवलं नाही, तिच्या बाकीच्या शब्दांवर अविश्वास दाखवायला कारण नाही, असं त्यात होतं. दोष सांगूनही दुरुस्ती केली नाही म्हणून मोठी जबाबदारी कंपनीची. कळूनही मशीन चालू ठेवलं म्हणून थोडी शेठची.

"आन माझ्या वाटनीला काय आलं?" तिनं कर्णिकांना विचारलं.

"काही नाही. तुमचा दोष नाही, बाई."

तिनं मान हलवली, पण चेहरा मोकळा झाला नाही.

पुढे तुळशी आणि बनूबाई अंबरनाथच्या एका कारखान्यात लागल्या. तिथल्या पहिल्या खंडेनवमीला पूजा झाली आणि हळद ओली असतानाच तुळशीनं हाताची उलटी बाजू मशीनवर ठेवली. बनूबाईनं जीभ चावली. "अगं, आज तरी नको! देवाचं हाय."

"देवालाबी ताप येतो," तुळशी म्हणाली आणि पत्रा निवेपर्यंत उभी राहिली. बोटांना लागलेली हळद तिनं दिवसभर धुतली नाही.

अठ्ठ्याण्णव साली ती गेली. आदल्या संध्याकाळी ती खाटेवर पडून होती. लेक चंद्री पोरांचे शाळेचे कपडे इस्त्री करत होती. शेवटची घडी घालून ती उठली, तशी तुळशीनं डोळे न उघडताच म्हटलं, "चंद्रे, इस्त्री निवली का बघ, मंगच फळीवर ठेव."