शिट्टी झाली, म्हणून फेटा आणला

मी तापट माणूस आहे, हे आधीच सांगून टाकतो. त्या दुपारी कोल्हापूरच्या स्टँडवर बसमधून उतरलो, तर समोर आमच्या तालमीतले आठ-दहा पैलवान उभे. एकाच्या गळ्यात हलगी, एकाच्या हातात पेढ्यांचा बॉक्स, आणि मधोमध वस्ताद, काखेत गुलाबी फेटा घेऊन. मला पाहताच हलगी कडाडली. माझं डोकं फिरलं. मला वाटलं, ही मंडळी माझी टर उडवायला आली आहेत.

तसं वाटायला कारण होतं. दोनच दिवसांपूर्वी परदेशातल्या एका मैदानावर माझ्यामुळे भारत सामना हरला होता.

मूळचा मी कागलजवळच्या एका खेड्यातला. वडिलांनी लहानपणीच कोल्हापुरात तालमीत आणून सोडलं. कुस्त्या केल्या, काही मारल्या, बऱ्याच बरोबरीत सुटल्या. मग एकदा रग्बी शिकवणारे एक कोच तालमीत आले. त्यांना पट काढणारा माणूस हवा होता. समोरच्याच्या पायात घुसायचं, मिठी मारायची आणि त्याला खाली आणायचं, याला आम्ही पट काढणं म्हणतो. रग्बीवाले त्यालाच टॅकल म्हणतात. वस्तादांनी तो लांबुळका चेंडू हातात घेतला, उलटापालटा करून पाहिला आणि गंभीरपणे म्हणाले, "ह्यो दबलाय की."

दबलेल्या चेंडूपायी त्यांनी आपला तयार पैलवान देऊन टाकला. एकच अट घातली. "पोरगं न्या. पर खुराक हितंच खाईल." पुढची चार वर्षं मी खेळलो रग्बी आणि दूध-बदाम खाल्ले तालमीचे. कुणी एका शब्दाने बोललं नाही. आज विचार करतो तेव्हा मला त्याचीच लाज वाटते आणि त्याचंच अप्रूपही वाटतं.

वस्तादांचा एक नियम होता. समोरच्याची पाठ मातीला लागली की त्याला सोडायचं आणि हात देऊन उठवायचं. एका जत्रेत मी कुस्ती मारून नाचत सुटलो होतो आणि पडलेला गडी तसाच मातीत बसून होता. वस्तादांनी भर मैदानात माझ्या कानफटात दिली. तेव्हापासून माझा हात आपोआप पुढे जातो. डोक्याला विचारत नाही.

तोच हात मला त्या स्पर्धेत नडला. आशियातल्या देशांचे संघ होते. दोन्ही बाजूंना सात-सात माणसं, सात मिनिटांचा एक डाव, असे दोन डाव. आमच्याकडे लग्नात पंगत वाढायला याहून जास्त वेळ लागतो. शेवटच्या सामन्यात आम्ही दोन गुणांनी पुढे होतो आणि शेवटचं मिनिट चाललं होतं. त्यांचा एक धिप्पाड गडी चेंडू घेऊन आमच्या रेषेकडे सुटला. मध्ये मी एकटा. दोन्ही पायांना मिठी मारून दुहेरी पट काढला. असा पट मी मातीतही कधी काढला नव्हता. गडी धाडकन पाठीवर.

आता मी काय करायला हवं होतं? त्याला सोडायचं, उठायचं आणि चेंडूवर झडप घालायची. मी सोडलं, उठलो, आणि वाकून त्याचा हात धरला. ऊठ म्हणून. त्याच हाताने त्याला चेंडू मोकळा करायचा होता. पंचांना दिसलं ते एवढंच की मी पडलेल्या माणसाला धरून ठेवलंय, आणि रग्बीत तो गुन्हा. शिट्टी वाजली, पंचांचा हात वर गेला, पेनल्टी त्यांना मिळाली. आम्ही सावरायच्या आत त्यांनी चेंडू रेषेपलीकडे नेऊन टेकवला. पाच गुण त्यांचे. सामना गेला.

आमचे कोच पाण्याच्या बाटल्या गोळा करत राहिले. ते बोलले असते तर मी उलटून तरी बोललो असतो. परतीच्या प्रवासात एकच गोष्ट डोक्यात घोळत होती. वस्तादांना तोंड कसं दाखवायचं? त्यांनी एक पैलवान गमावला, तो यासाठी?

आणि आता स्टँडवर हलगी. मी ओरडलोच, "बंद करा ते. थट्टा करताय व्हय?"

हलगी थांबली. वस्ताद पुढे आले. "थट्टा कसली? तालमीत समद्यांनी मोबाइलवर बघितलं. तू त्येला चितपट केलास. शिट्टी झाली, पंचानं हात वर केला. कुस्ती झाली म्हणून आमी मोबाइल बंद केला आन् पेढं वाटलं."

तालमीतला कोणताही माणूस जे समजला असता तेच ते समजले होते. पाठ टेकली, शिट्टी वाजली, हात वर गेला. पुढे बघायचं काय उरलं?

गप्प राहिलो असतो तर चाललं असतं. रग्बीचे गुण तपासायला तालमीतून कोण जाणार होतं? पण त्या माणसाशी खोटं बोलायची मला सवय नव्हती. म्हणालो, "वस्ताद, हरलो. माझ्यामुळं हरलो." आणि सगळं सांगितलं.

वस्तादांनी कान खाजवला. मोडून मोडून भज्यासारखा झालेला त्यांचा कान. मग विचारलं, "पाठ लागली हुती न्हवं त्येची?"

"व्हय."

"सोडलास?"

"सोडलं."

"आन् हात दिलास."

"व्हय. तिथंच चुकलं."

"तू कशाला चुकतोस? ते मी शिकिवलंय," ते म्हणाले. "चुकलं आसंल तर माझं चुकलं. वाक खाली."

मी वाकलो. स्टँडवरच्या त्या गर्दीत, एसटीच्या घोषणा चालू असताना, त्यांनी माझ्या डोक्याला फेटा बांधला. त्यांची बोटं आता नीट वळत नाहीत, त्यामुळे वेळ लागला. बांधून झाल्यावर हलक्या आवाजात म्हणाले, "फुडल्या बारीला हात दे. पर चेंडू घेतल्यावर."

पुढे मी आणखी दोन वर्षं खेळलो. काही सामने खरोखर जिंकलो, तेव्हाही हलगी वाजली. ते फेटे कुठे गेले, मला आठवत नाही. हरल्यावर बांधलेला तो गुलाबी फेटा मात्र मी सोडलाच नाही, तसाच बांधलेला डोक्यावरून उचलून कपाटात ठेवला. अजून वस्तादांच्या हातची गाठ तशीच आहे.