बाबांच्या तर्जनीतला पुष्कराज

मला हिऱ्यांच्या गोष्टींचं वेड आहे. घ्यायची ऐपत नाही, पण वाचायला काय जातंय! त्यातही पिवळ्या हिऱ्यांच्या. म्हणून फ्लोरेन्टाइन सापडल्याची बातमी आली तेव्हा मी मुलुंडच्या घरात अक्षरशः किंचाळले. आई वाल सोलत बसली होती. "मेलं, काय झालं एवढं ओरडायला?"

मी सांगतच सुटले. लिंबाच्या रंगाचा, अक्रोडाएवढा हिरा. मुळात आपल्याकडचाच म्हणतात. लढाईत एका सरदाराच्या अंगावरून पडला, शिपायाला सापडला, त्या येड्याने काच समजून चिल्लरीत फुंकला, अशी दंतकथा. पुढे इटलीतलं सरदार घराणं, मग ऑस्ट्रियाचं राजघराणं. राज्य गेलं, राजाराणी परागंदा झाले आणि हिरा गायब. जो तो म्हणे, घरच्याच जवळच्या कुणीतरी चोरला, दक्षिण अमेरिकेत नेला, तोडून विकला. आणि होता कुठे? कॅनडाच्या बँकेत! राणीनेच नेला होता. राजा गेल्यापासून शंभर वर्षं तोंड उघडायचं नाही, असं मुलांना बजावून ठेवलं होतं.

"आणि ज्याच्यावर आळ घेतला, त्याचं काय झालं?" आईने विचारलं.

"मेला असेल गं तो केव्हाच."

आई उठली, आत गेली आणि कपाटातून कापडाची एक पुरचुंडी आणून माझ्यासमोर सोडली. आत बाबांची अंगठी. पिवळा पुष्कराज.

ही अंगठी बाबा हॉस्पिटलात असताना त्यांच्या बोटातून गेली होती. त्या दुपारी उशाशी काकू होती, बाबांच्या धाकट्या भावाची बायको. बाराव्याला आईने तिला अख्ख्या भावकीसमोर चोर म्हटलं आणि येणंजाणंच तोडलं. तेव्हापासून कुणाच्याही लग्नातून निघताना काकू दारात पर्स उघडून दाखवायची. आम्ही त्याला नाटकं म्हणायचो.

"तू? तू काढलीस?"

"ज्योतिषी म्हणाला, खडा बाधतोय, आत्ताच्या आत्ता काढा. ती चहा आणायला खाली गेली तेवढ्यात काढला. दुसऱ्या दिवशी हे गेले." आईला हुंदका आवरेना. "बाधत नव्हता गं, लाभत होता. त्याच्यावरच तग धरून होते. मीच घालवलं त्यांना. कुठल्या तोंडाने सांगणार होते?"

अरे देवा! एवढी वर्षं ही बाई स्वतःला नवऱ्याची मारेकरी समजत जगली, आणि ते झाकायला दुसरीला चोर करून बसली! मला भयंकर राग आला आणि रडूही आलं. "कॅन्सर होता बाबांना, आई! दगडाने काय होतंय?" ती नुसती मान हलवत राहिली. मी म्हटलं, "ऊठ. आत्ताच्या आत्ता कांजूरला काकूकडे जायचं."

काकू दारात आम्हाला बघून चपापली. आईने आत जाऊन दार लोटलं, अंगठी तिच्या हातात ठेवली आणि खाली मान घालून सगळं सांगितलं. काकूने अंगठी टीपॉयवर ठेवून दिली.

"वयनी, चोर म्हटलास ता सगळ्यांसमोर. आता दार लावन सांगतास?"

आई माझ्याकडे वळून म्हणाली, "आपल्या भावकीच्या ग्रुपवर बोलून पाठवायचं ते बटण कुठलं गं?"

मी दाखवलं. तिने मोबाइल अगदी तोंडाशी धरला. "अंगठी मी काढली होती. धाकटीने नाही. मी खोटं बोलले. हे गेले तेसुद्धा माझ्यामुळे, मी खडा काढला म्हणून." बोट उचललं. मेसेज गेला.

"तुमच्यामुळे?" काकू तिच्याकडे बघतच राहिली. "वयनी, काय बोलतास ह्या? खडो काढूच्या आदीच डॉक्टरान माका सांगितल्यान होता, आज नाय तर उद्या जातले म्हणान. तुमका सांगूचो माका धीर झालो नाय. आणि मगे तुमी माझ्याशी बोललास खंय?"