कवितेतला न्याय

"येळ येतीया त्याची, भाऊ," असं म्हणताना मामा उजवा हात पुढे करायचे. त्या हाताला अंगठा आणि करंगळीच उरली होती.

चाकणच्या एका कंपनीत मी माल तपासायचो, सगळ्या कामगारांचे मामा प्रेसवर पत्रे दाबायचे. हात आत गेला की मशीन थांबवणारा सेन्सर असतो. जास्त माल निघावा म्हणून सुपरवायझरने तो बंद ठेवलेला. मामांची बोटं गेली आणि चौकशीत चूक मामांचीच निघाली. मग त्यांना गेटवर बसवलं. अशी गेटवर बसवलेली माणसं तुम्हीही पाहिली असतील.

त्या सुपरवायझरचा हात एक दिवस त्याच प्रेसखाली येणार, ही मामांची खात्री होती.

"याला पोएटिक जस्टिस म्हणतात," कंपनीच्या बसमध्ये मी एकदा सांगितलं. "ज्याने केलं, त्याच्यावरच ते उलटतं. काव्यात्म न्याय."

"म्हंजी कवितेतला न्याव?"

"हो."

मामा हसले. "मंग कंपनीत शिरायला त्याला गेटपास लागंल की, राव!"

सुपरवायझर पुढे मॅनेजर झाला. सुरक्षा सप्ताहात त्याचा हार घालून सत्कार झाला. मामांनीही टाळ्या वाजवल्या. त्यांच्या टाळीला आवाज नव्हता.

मग एका सकाळी प्रेसकडून किंकाळी आली. मामा गेटवरून धावत सुटले. धावताना त्यांच्या चेहऱ्यावर आशा होती, ती मी पाहिली.

मशीनपाशी मराठवाड्यातून कामाला आलेली एक कंत्राटी मुलगी खाली बसली होती. उजवा हात फडक्यात गुंडाळलेला, फडकं लाल. सेन्सर अजून बंदच होता. मॅनेजर काचेआड फोनवर बोलत होता.

दवाखान्याच्या जिन्यात मामा म्हणाले, "त्या मशीनला एक हात दे, म्हणून देवाकडं रोज मागत हुतो मी."

"मामा, तुमच्या मागण्याने काही होत नसतं."

"त्येच म्हंतोय, भाऊ. कशानंच काय हुत न्हाई."

नंतर ते कामावर आलेच नाहीत. मी त्यांना शेवटचं पाहिलं ते त्या मुलीच्या खाटेशी.

"मामा, साहेबाला शिक्षा व्हईल का वो?" तिने विचारलं.

मामांनी वरण-भात कालवला आणि ताट तिच्या डाव्या हाताशी सरकवलं.

"जेव, पोरी. पयल्यांदा सांडतंय."