खिडकीतल्या कुंड्यांमधली चिलटं

मला चिलटांचा राग येतो. डासाचा येतो तसा नाही. डास निदान चावतो, त्याला आपल्याकडून काहीतरी हवं असतं. ही काळी, तिळाहून बारीक चिलटं काहीच करत नाहीत. चहाच्या कपावर घिरट्या घालतात, फोनच्या उजेडावर चालतात, आणि आपण बोलायला तोंड उघडलं की नेमकी आत शिरतात. गेल्या उन्हाळ्यात ती आमच्या हॉलमध्ये झाली आणि माझ्या सासऱ्यांना आयतंच निमित्त मिळालं.

मी त्यांना मामा म्हणते. अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत, टॉवेलच्या कारखान्यात त्यांनी जन्मभर मुकादमी केली. सासूबाई गेल्यावर भवानी पेठेतलं घर विकून ते आमच्या फ्लॅटवर आले, पण मुकादमी काही सुटली नाही. घरात टीव्ही त्यांच्या वेळेनं लागतो, सोफा नवऱ्याच्या पसंतीचा, पडदे नणंदेनं आणून दिलेले. माझं म्हणावं असं हॉलच्या खिडकीपाशी काय ते होतं: मनीप्लांट, जेड, दोन पीस लिली आणि एक नखरेल फर्न. एका संध्याकाळी मामांच्या चहात चिलट पडलं. त्यांनी कप बाजूला सारला आणि म्हणाले, "ही झाडं गच्चीवर टाक. रविवारी वॉचमनला सांगतो, त्यो नेईल."

एप्रिलमध्ये सोलापुरातल्या गच्चीवर पीस लिली ठेवायची म्हणजे तिला तव्यावरच टाकायची. हे मामांना माहीत नव्हतं असं मी मुळीच मानणार नाही. मी नवऱ्याकडे पाहिलं. तो म्हणाला, "बघू की," म्हणजे तो काहीच बघणार नव्हता.

मग मी हात धुऊन त्या चिलटांच्या मागे लागले. आधी वाटलं, केळ्यांवरची असतील. केळी फ्रिजमध्ये कोंबली, वाटीत व्हिनेगर ठेवलं. एकही फिरकलं नाही. कुंडी हलवली की मात्र मातीतून भुर्रकन उठायची. बटाट्याची चकती मातीवर ठेवून दुसऱ्या दिवशी उलटली, तर खाली काळ्या डोक्याच्या, दोऱ्यासारख्या पांढऱ्या अळ्या वळवळत होत्या. मला किळस आली आणि बरंही वाटलं, कारण शत्रू सापडला होता. पिवळ्या लग्नपत्रिकेचे तुकडे करून, त्यांना एरंडेल फासून ते काडीला लावून कुंड्यांत खोचले. पत्रिका नवऱ्याच्याच नात्यातली होती. तिच्यावर चिलटं चिकटून मरताना मी मजेत बघत बसायचे.

पण खरा उपाय एकच, माती वरून कोरडी ठेवायची. मी पाणी बंद केलं. तरी रोज बोट लावावं तर माती ओली, वर पांढरट बुरशी. मी शिक्षिका, शाळा सकाळची, त्यामुळे माझ्यामागे घरात काय चालतं ते मला दिसत नव्हतं. कामवाल्या मावशींना विचारलं तर त्या फणकारल्या, "मी कशाला घालू पानी? फरशी पुसून पुसून कंबार मोडली हितं."

शनिवारी मी शाळेत गेलेच नाही. मामांची पूजा आटोपली. पिंडीवर घातलेलं दूध, साखर, पाणी, सगळं तांब्यात घेऊन ते हॉलमध्ये आले आणि थोडं मनीप्लांटला, थोडं फर्नला, उरलेलं माझ्या लिलीला, असं अगदी सावकाश ओतू लागले. तळपायाची आग मस्तकात गेली. ज्या चिलटांपायी हा माणूस माझी झाडं उन्हात मारायला निघाला होता, त्यांना रोज दूध-साखर हाच घालत होता.

"मामा, ही चिलटं तुम्हीच पाळलीत!" मी ओरडले. एवढ्या वर्षांत पहिल्यांदाच त्यांच्यावर आवाज चढवला. कुंडीतली बटाट्याची चकती उचलून त्यांच्या नाकापुढे धरली. "बघा, तुमच्या दुधावर पोसलेल्या अळ्या!"

ते चकतीकडे बघत राहिले. "देवाचं पानी हाय ते," म्हणाले. "पायाखाली येऊ न्हाय. पेठंत घरामागं पेरूच्या बुडात वतायचो. हितं कुटं वतू? मोरीत?"

"कुठंही ओता. माझ्या कुंड्यांत नको."

रविवारी वॉचमन आला नाही. झाडं जागची हलली नाहीत. माती सुकली, बुरशी गेली, मे महिन्यात सुट्टी लागेपर्यंत एक चिलट उरलं नाही. मी जिंकले होते. नवरा म्हणाला, "झालं की मग." त्याचाही मला राग आला.

सुट्टीत रोज सकाळी घरी असल्यावर कळलं की मामा ते पाणी कुठं ओततात. ते पितात. तळहातावर घ्यायचं घोटभर तीर्थ नव्हे, अख्खा तांब्या. खिडकीपाशी उभं राहून, माझ्या कुंड्यांकडे पाठ करून, शेवटच्या थेंबापर्यंत. दूध त्यांना पचत नाही. मग दुपारपर्यंत पोट धरून पडून राहतात, जेवत नाहीत, आणि विचारलं तर कन्नडमध्ये "साकु, साकु", म्हणजे पुरे पुरे, म्हणून मला गप्प करतात. मला त्यांची दया येत नाही. रागच येतो. मला दिसावं म्हणूनच ते पितात, याची मला खात्री आहे.

शेवटी मी नर्सरीतून बेलाचं रोप आणलं, मोठ्या कुंडीत लावलं आणि देवघराच्या दाराशी ठेवून म्हटलं, "मामा, ही तुमची. ह्यात ओतत जा."

त्यांनी रोपाकडे पाहिलं. एक पान दोन बोटांत धरून सोडून दिलं.

"नको," ते म्हणाले, "तुज्या झाडाला किडं पडतील," आणि त्यांनी तांब्या तोंडाला लावला.